एचपीबी सर्जरीतलं रिसर्च करिअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिव्हर, स्वादुपिंड आणि गॉलब्लॅडरच्या सर्जरीत काम करताना रिसर्चपण करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न रेसिडेन्ट लोक विचारतात, फेलोशिपला आलेले विचारतात आणि पेशंटचे नातेवाईकसुद्धा विचारतात, फक्त प्रत्येकाचा सूर वेगळा असतो. काही प्रश्न खोचक आहेत, तेही मुद्दाम ठेवलेत.

एचपीबी म्हणजे काय, आणि हे तीन अवयव एकाच सर्जनच्या वाट्याला का?

हेपॅटो, पॅनक्रियाटो, बिलिअरी, म्हणजे लिव्हर, स्वादुपिंड आणि पित्ताचा सगळा मार्ग. एकत्र असण्याचं कारण साधं आहे, यांचं प्लंबिंग एकच आहे. लिव्हरमध्ये तयार झालेलं पित्त ज्या नळीतून खाली येतं ती नळी स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाते आणि तिथेच आतड्यात उघडते, त्यामुळे स्वादुपिंडाच्या डोक्यात गाठ झाली की पेशंट येतो तो कावीळ घेऊन, आणि गॉलब्लॅडरमधला एखादा बारका खडा खाली घसरून अडकला की स्वादुपिंडाला सूज येते. एका अवयवाचं ऑपरेशन शिकलात की बाकीच्या दोघांपासून सुटका नाही. रिसर्चचंही तेच, एका कोपऱ्यात काम सुरू करता आणि दोन वर्षांनी भलत्याच कोपऱ्यात सापडता.

सर्जनने रिसर्च कशाला करायचा? ऑपरेशन नीट करावं की.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, बऱ्याचदा सीनियर सर्जनकडूनच. थिअरी सांगत बसत नाही, दोन उदाहरणं देतो.

स्वादुपिंडाच्या डोक्यात कॅन्सर आणि त्यामुळे कावीळ, अशा पेशंटमध्ये वर्षानुवर्षं पद्धत होती की आधी दुर्बिणीतून पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे पित्ताला वाट करून देणारी बारीक नळी, टाकायचा, कावीळ उतरू द्यायची आणि मग ऑपरेशन करायचं. ऐकायला अगदी शहाणपणाचं वाटतं, कारण कावीळ असलेल्या माणसाला रक्तस्राव जास्त, इन्फेक्शन जास्त, हे सगळ्यांनी पुस्तकात वाचलेलं. मग नेदरलँड्समधल्या लोकांनी 202 पेशंट घेऊन ट्रायल केली, 2010 साली ती छापून आली, निम्म्यांना आधी स्टेंट आणि निम्म्यांचं सरळ लवकर ऑपरेशन. गंभीर कॉम्प्लिकेशन्स किती, तर सरळ ऑपरेशनवाल्यांत 39 टक्के आणि स्टेंटवाल्यांत 74 टक्के. म्हणजे आपण ज्याला तयारी म्हणत होतो तीच पेशंटला त्रास देत होती. आता याचा अर्थ स्टेंट कधीच टाकायचा नाही असा नाही, कावीळ खूपच चढलेली असेल, आत इन्फेक्शन असेल किंवा आधी केमो द्यायची असेल तर टाकावाच लागतो, पण सरसकट टाकायची सवय मोडली.

दुसरं उदाहरण अजून कडू आहे. तीव्र पॅनक्रियाटायटिसमध्ये, म्हणजे स्वादुपिंडाला जोरदार सूज आली की, आतड्यातले जंतू स्वादुपिंडाच्या मेलेल्या भागात शिरतात आणि माणूस दगावतो, म्हणून वाटलं चांगले जंतू दिले तर वाईट जंतू मागे हटतील. प्रोबायोटिक! याच्याने कोणाचं काय वाईट होणार? 2008 ची प्रोपॅट्रिया ट्रायल, 298 पेशंट, प्रोबायोटिक दिलेल्यांत 16 टक्के मृत्यू आणि न दिलेल्यांत 6 टक्के. प्रोबायोटिकवाल्या गटात 9 जणांच्या आतड्याचा रक्तपुरवठा बिघडला, दुसऱ्या गटात एकाचाही नाही.

हे दोन्ही निकाल कुणाच्याही नुसत्या अनुभवातून बाहेर आले नसते, कारण रोजच्या कामात पेशंट वाईट झाला की आपण म्हणतो आजारच वाईट होता. माझं मत विचाराल तर एचपीबीमध्ये रिसर्चचं मुख्य काम हेच आहे, आपल्याला जे चांगलं वाटतंय ते खरंच चांगलं आहे का हे मोजून बघणं आणि नसेल तर ते थांबवणं.

पण नाव तर नवीन ऑपरेशन शोधणाऱ्यांचंच होतं ना?

होतं, नाकारत नाही. व्हिपल या सर्जनचं नाव सगळ्यांना माहीत आहे, 1935 साली त्यांनी स्वादुपिंडाचं डोकं काढण्याच्या ऑपरेशनवर तीन पेशंटचा पेपर दिला आणि ऑपरेशनला त्यांचं नाव चिकटलं ते आजतागायत. पण त्यांच्याआधी इटलीत कोदिविला यांनी 1898 मध्ये प्रयत्न केलेला आणि जर्मनीत काउश यांनी 1909 मध्ये दोन टप्प्यांत ते यशस्वी करून 1912 ला छापलेलं, ही नावं किती जणांना माहिती असतात बघा.

खरी गंमत पुढे आहे. ऑपरेशन शोधून झालं तरी पुढची कित्येक दशकं त्यात माणसं मरत होती, चारातला एक पेशंट घरी जात नव्हता असे आकडे 1960-70 च्या सुमाराला होते आणि हे ऑपरेशनच बंद करा असं छापून सांगणारे मोठे सर्जन होते. आज चांगल्या सेंटरमध्ये मृत्यूदर 5 टक्क्यांच्या खाली आहे. मधल्या काळात असं कुठलं जादूचं ऑपरेशन आलं? कुठलंच नाही. ॲनेस्थेशिया सुधारला, आयसीयू सुधारलं, सीटी आला, पोटातलं पू साचलेलं पाणी सुईने काढता यायला लागलं, आणि एक गोष्ट लोकांनी मोजून दाखवली की जिथे ही ऑपरेशन्स जास्त होतात तिथे पेशंट कमी मरतात. 2002 साली अमेरिकेतल्या मेडिकेअरच्या, म्हणजे तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, डेटावर मोठा अभ्यास आला, स्वादुपिंडाच्या ऑपरेशनमध्ये सगळ्यात कमी केसेस करणाऱ्या हॉस्पिटल्समध्ये मृत्यूदर 16.3 टक्के आणि सगळ्यात जास्त करणाऱ्यांत 3.8 टक्के. हा अभ्यास करायला कुणाला हातात चाकू धरावा लागला नाही, पण त्याने किती जीव वाचले असतील विचार करा.

सुरुवात कुठून करू? गाईड म्हणतात एखादा विषय घेऊन ये.

विषय नंतर, आधी रजिस्टर. म्हणजे डेटाबेस. तुमच्या युनिटमध्ये होणारं प्रत्येक ऑपरेशन, प्रत्येक, फक्त छान झालेली नाही, आजपासून एका ठिकाणी नोंदवायला लागा आणि ती नोंद त्याच आठवड्यात करा, कारण सहा महिन्यांनी फायलीतून ऑपरेशनचा जोड गळला होता की नव्हता हे शोधायला बसलात की फाइलमध्ये फक्त पेशंट स्टेबल एवढंच लिहिलेलं मिळतं.

आणि नोंदवताना व्याख्या आधी ठरवा. हे सांगतोय ते कंटाळवाणं वाटेल पण यावरच सगळं उभं आहे. स्वादुपिंड आतड्याला जोडल्यावर तो जोड गळतो, त्याला पॅनक्रियाटिक फिस्टुला म्हणतात, व्हिपलनंतरची सगळ्यात भीती वाटणारी गोष्ट. पूर्वी प्रत्येक जण आपापल्या मनाने त्याची व्याख्या करायचा, त्यामुळे एकाचा फिस्टुला रेट 2 टक्के आणि दुसऱ्याचा 25 टक्के, आणि दोघंही कदाचित तितकेच चांगले सर्जन. मग 2005 ला आंतरराष्ट्रीय गटाने बसून ठरवलं की ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर ड्रेनमधल्या, म्हणजे पोटात ठेवलेल्या नळीतून येणाऱ्या, पाण्यातलं अमायलेज हे स्वादुपिंडाचं पाचक द्रव्य रक्तातल्या नॉर्मल मर्यादेच्या तिप्पटपेक्षा जास्त आलं की फिस्टुला. पण त्यात असे लोक यायला लागले की ज्यांचं अमायलेज वाढलेलं पण पेशंट मजेत चालतोय, म्हणून 2016 च्या सुधारणेत त्या सगळ्यात सौम्य ए ग्रेडला फिस्टुला म्हणणंच बंद केलं, आता नुसता बायोकेमिकल लीक म्हणतात, आणि बी आणि सी हे गंभीर ग्रेडच खरे. 2016 च्या आधीचे आणि नंतरचे पेपर वाचताना हे लक्षात ठेवलं नाही तर तुलना चुकणारच.

कॉम्प्लिकेशन किती गंभीर यासाठी क्लेव्हियन-डिंडो वापरा, 2004 ची पद्धत आहे आणि तिची खुबी अशी की ती सर्जनला काय वाटतं ते विचारतच नाही, पेशंटवर काय उपचार करावा लागला ते विचारते. औषधाने भागलं, सुई घालावी लागली, परत ओटीत न्यावं लागलं, आयसीयूत गेला, मेला. यात लपवाछपवीला जागा कमी.

लॅबमध्ये जाऊ की क्लिनिकल रिसर्च करू?

दोन्ही करणारे लोक आहेत पण खूप कमी, आणि त्यांच्या मागे बहुतेक वेळा पूर्ण वेळ काम करणारी टीम असते. लॅबकडे ओढा असेल तर स्वादुपिंडाचा कॅन्सर हा विषय न संपणारा आहे, नव्वद टक्क्यांच्या आसपास गाठींमध्ये केरॅस नावाच्या जीनमध्ये बिघाड असतो आणि इतकी वर्षं माहिती असूनही त्यावर औषध सापडत नव्हतं, आता कुठे दारं उघडायला लागलीत. 2005 पासून असे उंदीर उपलब्ध आहेत ज्यांना माणसासारखाच स्वादुपिंडाचा कॅन्सर होतो, आणि 2015 च्या सुमारापासून पेशंटच्या गाठीच्या पेशी वाढवून ऑर्गनॉइड, म्हणजे त्या गाठीची लॅबमधली छोटी प्रतिकृती, बनवता येतात. यात सर्जनकडे एक गोष्ट अशी असते जी लॅबवाल्यांकडे नसते, ताजा टिश्यू, आणि तो कुठल्या पेशंटचा, पुढे त्याचं काय झालं याची माहिती. तेवढ्यासाठीच लॅबवाले तुमच्याशी गोड बोलतील, बोलू द्या, तुम्हालाही त्यांची गरज आहे.

फक्त सहा महिने लॅबमध्ये जाऊन येतो असं म्हणत असाल तर जाऊ नका. सहा महिन्यांत तुम्हाला पिपेट धरता यायला लागेल, बास.

सर्जरीत रँडमाइज्ड ट्रायल, म्हणजे कुठल्या पेशंटला कुठला उपचार हे चिठ्ठी टाकून ठरवायचं, एवढी अवघड का? औषधवाले तर धडाधड करतात.

कारण गोळी सगळीकडे सारखीच असते, सर्जन सारखा नसतो. लॅपरोस्कोपिक व्हिपलचं उदाहरण यासाठी उत्तम आहे. नेदरलँड्समध्ये लेपर्ड-2 नावाची ट्रायल सुरू झाली, दुर्बिणीतून व्हिपल विरुद्ध पोट उघडून व्हिपल. 99 पेशंट झाले आणि सुरक्षा समितीने ती मध्येच थांबवली कारण 90 दिवसांत कॉम्प्लिकेशनमुळे दुर्बिणवाल्या 50 मधले 5 गेले आणि ओपनवाल्या 49 मधला 1. आकडे छोटे आहेत, फरक योगायोगाचा असू शकतो हे त्यांनीही म्हटलं, पण कोण पुढे चालू ठेवणार?

मग 2021 ला चीनमधून मोठी ट्रायल आली, 656 पेशंट, आणि तिथे दोन्ही गटांत मृत्यू सारखेच. मग खोटं कोण बोलतंय? कोणीच नाही. चीनच्या ट्रायलमध्ये भाग घ्यायचा तर सर्जनने आधी किमान 104 लॅपरोस्कोपिक व्हिपल केलेली असायला हवी अशी अट होती. एकशे चार! कित्येक सर्जनच्या अख्ख्या करिअरमध्ये सगळ्या प्रकारची मिळून तेवढी होत नाहीत. आणि एवढं करून फायदा काय, तर हॉस्पिटलमधला मुक्काम 16 दिवसांवरून 15 वर आला. आता यातून काय निष्कर्ष काढायचा यावर कॉन्फरन्समध्ये अजून भांडणं होतात आणि ती भांडणं ऐकण्यासारखी असतात.

बाकीच्या अडचणी आहेतच, कोणाला कुठला उपचार दिला हे सर्जनपासून लपवता येत नाही, पेशंट शक्यतो छोट्या कटचं मागतो, आणि सर्जन आधीच एका बाजूला झुकलेला असतो त्यामुळे अवघड केस हळूच बाजूला ठेवली जाते. म्हणून कुठली टेक्निक कुठल्या टप्प्यावर आहे आणि ट्रायल कधी करायची यासाठी 2009 पासून आयडियल नावाची चौकट आहे, नवीन काही सुरू करायच्या आधी ती वाचाच.

माझ्या स्टडीत काहीच फरक निघाला नाही. पेपर होईल का?

का नाही होणार. स्टडी नीट आखलेली असेल, सुरू करण्याआधीच तिची जाहीर नोंदणी केलेली असेल आणि सॅम्पल साइज पुरेशी असेल तर फरक नाही हेही उत्तर आहे, आणि आमच्या क्षेत्रात ते फार उपयोगी उत्तर आहे कारण फरक नसेल तर साधं, स्वस्त आणि सोपं ते करता येतं. हां, वीस-वीस पेशंटचे दोन गट घेऊन फरक नाही म्हणत असाल तर ते उत्तर नाही, तिथे फक्त माणसं कमी पडलीत.

गॉलब्लॅडरमध्ये आता रिसर्च करण्यासारखं काय उरलंय?

लोकांना वाटतं गॉलब्लॅडर म्हणजे शिकाऊ डॉक्टरचं ऑपरेशन. लांगेनबुख यांनी बर्लिनमध्ये 1882 ला पहिल्यांदा काढलं, म्यूए यांनी 1985 मध्ये दुर्बिणीतून काढलं आणि त्यांच्याच देशातल्या सर्जन लोकांनी आधी त्यांना उडवून लावलं, मग काही वर्षांतच सगळं जग तेच करायला लागलं. पण ज्या वेगाने ते पसरलं त्याच वेगाने मुख्य पित्तनलिका कापली जाण्याच्या घटनाही वाढल्या. 1995 ला स्ट्रॅसबर्ग यांनी क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टीची कल्पना मांडली, की गॉलब्लॅडरकडे जाणाऱ्या फक्त दोनच गोष्टी स्पष्ट दिसल्याशिवाय काहीही क्लिप करायचं नाही, काही कापायचं नाही. तरीसुद्धा हजारात तीन ते पाच जणांना इजा होतेच, आणि ही ऑपरेशन्स एवढ्या प्रचंड संख्येने होतात की एकूण आकडा मोठा होतो. ज्याची नलिका कापली गेली त्याचं आयुष्य बदलतं, बहुतेक वेळा तो तरुण आणि बाकी धडधाकट असतो. इजा का होते, सर्जनच्या डोळ्याला काय भास होतो, कधी थांबायचं आणि अर्धंच गॉलब्लॅडर काढून बाहेर यायचं, यावर भरपूर काम बाकी आहे.

आणि गॉलब्लॅडरचा कॅन्सर. चिली, बोलिव्हिया, उत्तर भारतातला गंगेकाठचा पट्टा इथे तो खूप दिसतो आणि पश्चिमेकडच्या श्रीमंत देशांत कमी, त्यामुळे त्यावरचा पैसा आणि ट्रायल दोन्ही तुटपुंज्या. कित्येकदा खड्यांसाठी काढलेलं गॉलब्लॅडर तपासल्यावरच कॅन्सर कळतो, म्हणून काढलेलं प्रत्येक गॉलब्लॅडर पॅथॉलॉजीला जायलाच हवं. जिथे हा आजार जास्त आहे तिथल्या सर्जननेच हे प्रश्न सोडवले पाहिजेत, दुसरं कोणी येणार नाही.

लिव्हरमध्ये?

यावर वेगळं पान लागेल, थोडक्यात सांगतो. क्विनो यांनी 1957 ला लिव्हरचे आठ सेगमेंट मांडले त्यामुळे कुठून कापायचं ते कळलं, प्रिंगल यांनी 1908 मध्येच रक्तपुरवठा तात्पुरता दाबून धरायची युक्ती दिलेली, आता प्रश्न उरतो किती लिव्हर मागे ठेवलं तर माणूस जगेल आणि उरणारा भाग ऑपरेशनच्या आधीच कसा वाढवायचा. ट्रान्सप्लांटमध्ये लिव्हर कॅन्सरच्या कुठल्या पेशंटला ट्रान्सप्लांट द्यायचं हे सांगणारा 1996 चा मिलान क्रायटेरियाचा पेपर जरूर वाचा, फक्त 48 पेशंट, 5 सेंटिमीटरपर्यंतची एक गाठ किंवा 3 सेंटिमीटरपर्यंतच्या जास्तीत जास्त तीन, एवढ्यांनाच ट्रान्सप्लांट दिलं आणि चार वर्षांनी 75 टक्के जिवंत. छोटा अभ्यास पण प्रश्न नेमका विचारला की काय होतं ते यात दिसतं.

पीएचडी लागते का?

लागत नाही. पण तीन वर्षं कोणी तुम्हाला ओटीपासून लांब बसवून विचार करायला लावणार असेल तर फायदा होतो. हात विसरतात ही भीती खरी आहे, पण ते परत येतात. नुसतं नावापुढे लावायला करत असाल तर ती तीन वर्षं ऑपरेशन शिका.

स्टॅटिस्टिक्स येत नाही. काय करू?

स्टॅटिस्टिशियनकडे जा, पण डेटा गोळा करून झाल्यावर नको, आधी जा. नंतर गेलात तर तो फक्त पोस्टमॉर्टेम करू शकतो. स्वतःला एवढं यायला हवं की पी व्हॅल्यू म्हणजे काय नाही, कॉन्फिडन्स इंटरव्हल कसा वाचायचा आणि सर्व्हायव्हल कर्व्हच्या शेपटीला किती माणसं उरलीत ते बघायचं.

किती पेपर झाले पाहिजेत?

या प्रश्नाचा मला राग येतो, तरी विचारला जातोच. सिलेक्शन कमिट्या मोजतात हे खरं, एच इंडेक्स, म्हणजे तुमच्या पेपरांचा इतरांनी किती संदर्भ दिला त्यावरचा आकडा, बघतात हेही खरं. पण एकच डेटा पाच तुकडे करून पाच ठिकाणी छापणं आणि एक दुर्मिळ केस रिपोर्ट करून बायोडेटा फुगवणं यात जे श्रम जातात त्यात एक नीट स्टडी होते. क्रिटिकली वाचणारे लोक पहिल्या दोन मिनिटांत ओळखतात. आणि ज्याने काम केलं नाही त्याचं नाव ऑथरमध्ये घालू नका, बॉस असला तरी, हे बोलायला अवघड आहे म्हणून स्टडी सुरू होतानाच कागदावर ठरवून घ्या.

एवढं ऑपरेशन, ओपीडी, इमर्जन्सी, वेळ कधी मिळतो?

मिळत नाही, मागून घ्यावा लागतो. आठवड्यातला अर्धा दिवस हक्काचा मिळवा आणि त्या दिवशी वॉर्डात दिसू नका. ज्या युनिटमध्ये तेवढाही मिळत नाही तिथे चांगला रिसर्च होताना मी पाहिलेला नाही, रात्री अकरानंतर जे लिहिलं जातं ते सकाळी पुसावं लागतं. आणि एकटे करू नका, डच लोकांच्या एवढ्या ट्रायल्स होतात त्याचं गुपित हेच आहे की तिथली सेंटर्स एकत्र येऊन पेशंट घालतात, पॅनक्रियाटायटिसमधली त्यांची 2010 ची पॅन्टर ट्रायल, जिच्यात सरळ पोट उघडण्याऐवजी आधी ड्रेन घालून पायरीपायरीने पुढे गेलं तर मोठे कॉम्प्लिकेशन किंवा मृत्यू 69 टक्क्यांवरून 40 वर आले, ती एका हॉस्पिटलला जन्मात जमली नसती.

कंपनी रोबोट किंवा उपकरणासाठी पैसे देते म्हणते. घेऊ का?

घ्यायला हरकत नाही, पण डेटा कोणाकडे राहणार आणि निकाल वाईट आला तर छापायचा अधिकार कोणाचा हे करारात लिहून घ्या. तुमचाच, असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर नको म्हणा. आणि पेपरमध्ये पैशाचा उल्लेख करा.

मी पेशंट आहे, डॉक्टर ट्रायलमध्ये येता का विचारतायत. माझ्यावर प्रयोग होणार का?

दोन उपचारांपैकी चांगला कुठला हे खरंच माहीत नसेल तेव्हाच ट्रायल करायला परवानगी मिळते, एथिक्स कमिटी ते तपासते. नाही म्हणालात तरी तुमचे उपचार थांबत नाहीत, हो म्हणून मध्येच बाहेर पडलात तरी चालतं, कारण द्यावं लागत नाही. आणि ट्रायलच्या बाहेर प्रयोग होत नाहीत असं समजू नका, वर सांगितलेला स्टेंट कित्येक वर्षं कोणतीही सही न घेता टाकला जात होता, फक्त कोणी मोजत नव्हतं. हे प्रश्न जरूर विचारा: दोन गटांत नेमका फरक काय, जास्तीच्या तपासण्या किती, त्यांचा खर्च कोण करणार, काही झालं तर फोन कोणाला करायचा. उत्तर गुळमुळीत आलं तर सही करायची घाई नको, फॉर्म घरी न्या, वाचा, घरच्यांशी बोला.

निकाल कळवतात का पेशंटला?

कळवायला पाहिजे. बऱ्याच ठिकाणी कळवत नाहीत आणि ही आमच्या लोकांची वाईट खोड आहे. सही करतानाच सांगून ठेवा की निकाल आला की मला साध्या भाषेत एक पानभर लिहून पाठवा, तसं फॉर्मवर लिहून घ्या, आणि तुम्ही नसाल तर कोणाला पाठवायचं त्याचं नाव आणि पत्ताही द्या.